गाठीत कॅन्सर थोडा आणि बाकीचीच गर्दी जास्त: जठराच्या कॅन्सरबद्दल

निळी_शाई

नमस्कार मंडळी. तीनेक वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमधे टेक्निशियन आहे, म्हणजे ऑपरेशनचा किंवा बायोप्सीचा तुकडा आला की तो मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, काप कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर घ्यायचे आणि रंग चढवायचा, १४ वर्षं हेच. रिपोर्ट लिहायचं काम आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचं. पण आमच्याकडे दोघांनी एकदम बघायचा मायक्रोस्कोप आहे आणि मॅडमना शिकवायची भारी हौस, त्यामुळे फुकटात बरंच काय काय बघायला मिळतं.

तर मागे जठराची एक केस आली. पूर्ण जठर काढलेलं, भिंत एरवी काही मिलिमीटरची असते ती सेंटिमीटरच्या वर, आणि कापताना चामड्यासारखी चिवट. मॅडम म्हणाल्या, शोध बघू कॅन्सर कुठाय. मी म्हटलं यात काय शोधायचं, एवढी जाड झालीय म्हणजे सगळा कॅन्सरच असणार. डोळा लावला तर जिकडे बघावं तिकडे गुलाबी धागेच धागे, विंचरलेल्या केसांसारखे, मधेमधे लांबट निळे न्यूक्लियस, कुठेतरी लिम्फोसाइटचे (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बारीक गोल ठिपके. दहा मिनिटं स्लाइड सरकवत बसले, कॅन्सर काही सापडेना. मग त्यांनी सायटोकेराटिनचा स्टेन करायला लावला, तो अस्तराच्या जातीच्या पेशींना चढतो, धाग्यांना चढत नाही. दुसऱ्या दिवशी तीच जागा बघितली आणि काय सांगू, त्या सगळ्या पसाऱ्यात एकेकट्या, कुठे दोन-दोन, कुठे रांगेने चाललेल्या तपकिरी पेशी. अंगात म्यूकस भरलेला आणि न्यूक्लियस एका कडेला दाबला गेलेला, अंगठीच्या खड्यासारखा, म्हणून सिग्नेट रिंग सेल. आदल्या दिवशी मी याच पेशींवरून निदान तीन वेळा तरी गेले असणार.

या प्रकाराला लिनायटिस प्लास्टिका म्हणतात, नाव जुनं आहे, १८५९ मधे ब्रिंटन नावाच्या इंग्रज डॉक्टरने दिलेलं. म्हणजे बघा, ती जाडी, तो चिवटपणा, जठर आखडून पिशवीची नळी होणं, यातलं बहुतेक सगळं आजूबाजूच्या आपल्याच साध्यासुध्या पेशींनी रचलंय. कॅन्सरवाले मूठभर.

आणि याच्या बरोब्बर उलटंही असतं. काही जठराच्या गाठींमधे धागे कमी आणि लिम्फोसाइटची इतकी दाटी की कॅन्सरच्या पेशी त्यात बुडून जातात, एप्स्टीन-बार व्हायरस असलेल्या गाठींत हे जास्त दिसतं, आणि मॅडम म्हणतात की अशा पेशंटचं सहसा त्यातल्या त्यात बरं जातं. अवयव तोच, नावही कॅन्सरच, शेजार बदलला की गोष्ट बदलली.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. आपण स्टेज विचारतो, गाठ किती सेंटिमीटर विचारतो, गाठीच्या भोवती काय आहे हे कोणीच विचारत नाही. इथे जाणकार बरेच आहेत, लिहा की.

वाचनखूण

वाखु साठवली. ते विंचरलेल्या केसांचं वर्णन वाचून मी नेटवर स्लाइडचे फोटो शोधले, खरंच तसंच दिसतं हो!

पेट्रीडिश

शाईताई, माझ्या विषयाला हात घातलात! मी पीएचडी करतेय आणि हे गुलाबी धागे बनवणाऱ्या पेशी हाच माझा विषय, त्यामुळे प्रतिसाद लांबणार, कंटाळा आला तर सरळ स्क्रोल करा.

त्या पेशी म्हणजे फायब्रोब्लास्ट. बोट कापलं की काय होतं आठवा. रक्त गोठतं, मग सूज, पांढऱ्या पेशी येतात, मग फायब्रोब्लास्ट येऊन कोलाजेनचं जाळं विणतात, नवीन रक्तवाहिन्या फुटतात, जखम आवळली जाते आणि मग थांबा असा निरोप मिळतो नि सगळे आपापल्या घरी. कॅन्सरची गाठ हेच सगळं मागवते फक्त तो थांबाचा निरोप कधी येतच नाही. ड्वोराक नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९८६ मधे याला कधीच न भरणारी जखम म्हटलं होतं आणि माझ्या मते आजवर याहून चांगलं वर्णन कोणी केलेलं नाही.

आता हे होतं कसं, तर कॅन्सरच्या पेशी टीजीएफ-बीटा नावाचं प्रोटीन सोडतात (आणखीही बरीच आहेत, हे मुख्यातलं एक), त्याने शेजारचे शांत फायब्रोब्लास्ट चाळवतात. त्यांच्यात स्नायूच्या पेशींसारखं आकुंचन पावणारं अ‍ॅक्टिन तयार होतं, म्हणून जठर आखडतं. काही फायब्रोब्लास्ट तिथलेच असतात तर काही हाडांच्या मगजातून निघालेल्या पेशींपासून बनतात, हे उंदरांत दिसलंय. मग हे चाळवलेले फायब्रोब्लास्ट परतफेड करतात. ते एचजीएफ सोडतात, त्याचा रिसेप्टर मेट कॅन्सरच्या पेशीवर असतो, तो चालू झाला की पेशी वाढते आणि सरकायला लागते. ते एफजीएफ७ सोडतात, आणि गंमत बघा, चिवट प्रकारच्या काही जठराच्या कॅन्सरमधे एफजीएफआर२ या रिसेप्टरच्या जीनच्या खंडीभर कॉप्या झालेल्या असतात. म्हणजे फायब्रोब्लास्ट आवाज देतो आणि इकडे कान दहापट मोठे करून ठेवलेत.

मी रोज काय करते ते सांगते म्हणजे चित्र डोळ्यापुढे येईल. दुमजली खण असतो, वरच्या मजल्यावर कॅन्सरच्या पेशी, खालच्या मजल्यावर फायब्रोब्लास्ट, मधे बारीक भोकांचा पडदा. दोघी एकमेकींना शिवत नाहीत, मीडिया (पेशी वाढवायचं पोषक पाणी) तेवढा सामाईक. खाली काहीच नसेल तर वरच्या पेशी बऱ्यापैकी जागच्या जागी बसून राहतात. खाली फायब्रोब्लास्ट ठेवले की दुसऱ्या दिवशी पडद्याच्या खालच्या बाजूला रंग लावून मोजायचं, भोकातून उतरून आलेल्या पेशी चांगल्याच वाढलेल्या असतात. मी मोजून मोजून वैतागते इतक्या.

खडूस_खारुताई

लेख छान, प्रतिसाद छान, पण मला एक सांगा, डिशमधे सगळंच होतं. डिशमधे तर ब्लीचनेही कॅन्सर मरतो. खऱ्या शरीरात शेजारामुळे कॅन्सर ठरतो याला पुरावा काय? आणि समजा तसं असेलच तर सोप्पंय की, त्या फायब्रोब्लास्टनाच मारून टाका.

पेट्रीडिश

@खडूस_खारुताई, ब्लीचचं एकदम मान्य, हाहा.

पण खऱ्या शरीरातले पुरावे आहेत आणि जुने आहेत. १९७५ मधे बिएट्रिस मिंट्झ आणि इल्मेन्सी यांनी उंदराच्या टेराटोकार्सिनोमाच्या पेशी, म्हणजे चांगल्या जहाल कॅन्सरच्या पेशी, अगदी सुरुवातीच्या गर्भात टोचल्या. गाठ होण्याऐवजी त्या पेशी गर्भात सामावल्या आणि धडधाकट पिल्लं जन्मली, ज्यांच्या अंगात कॅन्सरच्या पेशींपासून बनलेले साधे अवयव होते! मग १९८४ मधे मिना बिसेल यांच्या लॅबमधलं काम. कोंबडीत कॅन्सर करणारा राऊस सार्कोमाचा व्हायरस कोंबडीच्या गर्भाच्या अंगात घातला तर गाठ होत नाही, तोच अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लात घातला की होते. आणि याच लॅबमधे पुढे दिसलं की एका पंखात व्हायरस टोचला आणि दुसऱ्या पंखाला जखम केली तर जखमेच्या जागीही गाठ येते. जीन तोच, व्हायरस तोच.

मारून टाका या प्रश्नाचं उत्तर मोठं आहे, संध्याकाळी लिहिते, आत्ता सेल्सना मीडिया बदलायचाय नाहीतर त्याच मला मारतील.

आजोबा_ऑनलाइन

वा, बऱ्याच दिवसांनी वाचनीय धागा. मी निवृत्त शिक्षक, जीवशास्त्र शिकवायचो, त्यामुळे थोडं इतिहासाचं. शेजाराचा हा मुद्दा फार जुना बरं का. स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जनने १८८९ मधे लॅन्सेटमधे लिहिलं होतं, स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळून, की कॅन्सर पसरतो तो कुठेही कसाही पसरत नाही, बी सगळीकडे उडतं पण जमीन मानवली तिथेच रुजतं. मुलांना हे एका वाक्यात कळायचं, वर्गाच्या खिडकीखाली पेरूच्या बिया सगळीकडे थुंकलेल्या आणि रोप उगवायचं ते नळाच्या गळतीपाशीच.

माझा प्रश्न असा की जठरात तो हेलिकोबॅक्टर जंतू असतो ना, ज्याचं कल्चर बॅरी मार्शलने १९८४ मधे स्वतःच पिऊन दाखवलं आणि पुढे २००५ मधे वॉरेन आणि त्याला नोबेल मिळालं. तो थेट कॅन्सर करतो की जमीन नासवतो?

निळी_शाई

आजोबा, पेरूचं भारीच! उद्या मॅडमना ऐकवते.

जंतूचं मला स्लाइडवर दिसतं तेवढं सांगते. दोन्ही करतो, पण जास्त करून जमीन नासवतो असंच वाटतं बघून. अस्तराच्या पेशींना तो स्वतःचं कॅगए नावाचं प्रोटीन टोचतो हे खरं, पण त्याहून जास्त दिसते ती वर्षानुवर्षांची सूज. आधी सूज, मग आम्ल करणाऱ्या ग्रंथी झडत जातात, मग जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी दिसायला लागतात (एका बायोप्सीत मधेच गॉब्लेट सेल दिसल्या की मॅडम लगेच हं करतात), मग पेशींची ठेवण बिघडते, आणि मग काहींत कॅन्सर. पेलायो कोरिया यांनी मांडलेली ही साखळी. दशकं जातात याला, आणि बहुतेकांत शेवटपर्यंत जातही नाही. जपानमधला २००१ चा अभ्यास मॅडम नेहमी सांगतात, १५२६ लोकांवर सरासरी ७.८ वर्षं लक्ष ठेवलं, जंतू असलेल्या १२४६ जणांपैकी ३६ जणांना जठराचा कॅन्सर झाला आणि जंतू नसलेल्या २८० पैकी एकालाही नाही.

आणि सगळ्यात भारी भाग म्हणजे कॅन्सरपर्यंत गोष्ट येते तेव्हा जंतू बऱ्याचदा सापडतच नाही. ग्रंथी झडल्या, आम्ल गेलं, की त्याला स्वतःलाच तिथे राहवत नाही. आग लावून पसार. म्हणून कॅन्सरच्या स्लाइडवर जंतू नाही म्हणजे तो कधी नव्हताच असं म्हणता येत नाही.

सहज_सुचलं

छान माहिती. मी वाचलंय की कॅन्सरच्या भोवती सगळं अ‍ॅसिडिक असतं म्हणून अल्कलाइन पाणी प्यायलं तर कॅन्सर वाढत नाही. आमच्या ग्रुपवर बऱ्याच जणांना फरक पडलाय. शेजारच सुधारायचा तर हा सोपा उपाय नाही का?

खडूस_खारुताई

आलंच ते. वाटच बघत होते.

पेट्रीडिश

@सहज_सुचलं, यातला पहिला अर्धा भाग खरा आहे म्हणून तर ही अफवा इतकी टिकते. गाठीच्या भोवती खरंच आम्लता जास्त असते. कॅन्सरच्या पेशी साखर घाईघाईने जाळून लॅक्टेट आणि आम्ल बाहेर टाकतात, आत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या नि गळक्या, निचरा होत नाही, ऑक्सिजन पोचत नाही. त्या आंबट वातावरणात टी सेल (कॅन्सरशी लढणारे लिम्फोसाइट) मंदावतात आणि मॅक्रोफेज गाठीच्या बाजूने झुकतात. पण ते आम्ल गाठ स्वतः तिथल्या तिथे बनवत असते. तुम्ही प्यालेलं पाणी आधी जठराच्या आम्लात पडतं, तिथेच त्याचा अल्कलाइनपणा संपतो, आणि उरलंसुरलं फुप्फुसं आणि किडन्या सांभाळतात, रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ च्या बाहेर त्या जाऊच देत नाहीत. पाणी प्या, तहान भागेल. त्याच्या भरवशावर केमो थांबवू नका एवढंच, हे हात जोडून.

मॅक्रोफेजचं निघालंच आहे तर, या पेशी मूळच्या सफाई कामगार, मेलेलं गिळायचं आणि परक्याला हाणायचं. गाठीत शिरल्या की त्यांना जखम भरायच्या मोडवर टाकलं जातं, मग त्या मारामारी सोडून रक्तवाहिन्या वाढवायचे सिग्नल सोडतात. सोबतीला रेग्युलेटरी टी सेल येतात, त्यांचं कामच मुळात आपल्या माणसांवर हल्ला नको म्हणून बाकीच्यांना आवरणं. कॅन्सरही आपल्याच पेशींचा ना, त्यामुळे हे आवरणं त्याच्या पथ्यावर पडतं.

आता सकाळचा राहिलेला मुद्दा, मारून का टाकत नाही. करून बघितलंय! गाठीभोवतीचं जाळं कापून कॅन्सर पुढे सरकतो तो काही एन्झाइमच्या जोरावर, ते बंद करू म्हणून मॅरिमास्टॅट नावाचं औषध आलं, जठराच्या कॅन्सरमधेही ट्रायल झाली, लोकांचे सांधे धरायला लागले आणि फायदा फार काही हाती लागला नाही, औषध बाजारात आलंच नाही. मग त्यातलं एकच एन्झाइम, एमएमपी-९, धरणारं अँडेकॅलिक्सिमॅब, तेही जठराच्या मोठ्या ट्रायलमधे आयुष्य वाढवू शकलं नाही. सगळ्यात मोठी चपराक स्वादुपिंडाच्या कॅन्सरमधे बसली. तिथे तर गाठीचा बराचसा भाग धागेच असतात. फायब्रोब्लास्टना चाळवणारा हेजहॉग नावाचा सिग्नल बंद करणारं औषध दिलं तर २०१२ मधे ट्रायल थांबवावी लागली कारण औषधवाल्यांचं जास्त वाईट होत होतं. २०१४ मधे उंदरांत फायब्रोब्लास्ट काढून टाकून बघितलं तर गाठी आणखी माजल्या. म्हणजे ते जाळं नुसतं खतपाणी घालत नव्हतं, कुठेतरी बांधूनही ठेवत होतं. फायब्रोब्लास्टचे पोटप्रकार बरेच आहेत, काही साथीदार काही पहारेकरी, आणि सरसकट मारलं की पहारेकरीही जातात.

त्यामुळे खारुताई, सोप्पं नाहीये.

खडूस_खारुताई

हम्म. हे पटलं. मी शब्द मागे घेते पण ब्लीचचा नाही.

मग शेजाराला धरून एकतरी उपचार चालला का, की नुसतेच पेपर?

पेट्रीडिश

चाललेत, पण महिन्यांच्या हिशोबात. रक्तवाहिन्यांचं घ्या. फोकमनने १९७१ मधे म्हटलं की गाठीला नवीन रक्तवाहिन्या मिळाल्या नाहीत तर ती वाढणार नाही. त्यावरून निघालेलं बेव्हासिझुमॅब जठराच्या कॅन्सरमधे मुख्य कसोटीवर नापास झालं. रॅम्युसिरुमॅब हे रक्तवाहिन्यांच्या पेशींवरच्या व्हीईजीएफआर२ या रिसेप्टरवर बसणारं औषध २०१४ मधे पास झालं, दुसऱ्या फळीच्या केमोबरोबर जगण्याचा मधला आकडा ७.४ महिन्यांचा ९.६ महिने झाला. मोठं आहे का? ज्याच्या घरात आहे त्याने ठरवायचं. आणि हे औषध कॅन्सरच्या पेशीला मारायला म्हणून बनवलेलंच नाही, ते शेजारच्या रक्तवाहिन्यांवर काम करतं.

शांत_दुपार

सगळं दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो. बाबांना हेच आहे, लिनायटिस प्लास्टिका. शाईताई तुमचा लेख वाचताना घशात आवंढा आला कारण आमचे सहा महिने त्या धाग्यांनीच खाल्ले. जेवण थोडंसं गेलं की पोट भरलं म्हणायचे, वजन उतरत होतं. पहिली एंडोस्कोपी, नुसती सूज आहे म्हणाले, बायोप्सी निगेटिव्ह, आम्ही खुश होऊन घरी. तीन महिन्यांनी दुसरी, परत निगेटिव्ह. तिसऱ्या वेळी दुसऱ्या ठिकाणी गेलो, तिथल्या डॉक्टरांनी हवा भरताना स्क्रीनवर दाखवलं की बघा हे जठर फुगतच नाहीये, फुगा फुगावा तसं हवं, हे रबरी पाइपसारखं राहतंय, आणि मग एकाच जागी पुन्हा पुन्हा खोल तुकडे घेतले तेव्हा सापडलं. मला पहिल्या ठिकाणच्या लोकांचा अजून राग आहे, खोटं कशाला बोलू. त्यांनी मुद्दाम केलं नसेल पण वजन दहा किलो उतरलंय हे मी तीनदा सांगितलं होतं.

आता पोटातल्या आवरणावर पसरलंय म्हणे. स्कॅनमधे काही नव्हतं, दुर्बिणीतून पोट धुऊन त्या पाण्यात पेशी सापडल्या. लिव्हर एकदम साफ आहे. असं कसं, लिव्हर सोडून तिकडे कसं गेलं?

निळी_शाई

दादा, वाचून फार वाईट वाटलं. राग येणारच.

निगेटिव्ह का आलं ते आमच्या बाजूने सांगते. एंडोस्कोपीचा चिमटा वरवरचा, एक-दोन मिलिमीटरचा तुकडा घेतो. या प्रकारात वरचं अस्तर बऱ्याचदा जवळपास ठीक दिसतं, पेशी खालच्या थरात धाग्यांमधे पसरलेल्या. आमच्याकडे येतो तो साध्या सुजेचा तुकडा, आणि रिपोर्टही तसाच जातो, त्या तुकड्यापुरता तो खराच असतो. म्हणून मॅडम अशा वेळी रिपोर्टच्या खाली ओळ घालतात की लक्षणं जुळत नसतील तर खोल बायोप्सी घ्यावी. आणि तुमच्या डॉक्टरांनी जठर फुगत नाही हे बघितलं, ते म्हणजे त्यांनी थेट शेजारच बघितला, पेशी दिसायच्या आधी.

पोटातल्या आवरणाचं पेट्रीडिश सांगेल नीट.

पेट्रीडिश

दादा, आजोबांच्या पेरूच्या बिया आठवा. लॉरेन यांनी १९६५ मधे जठराच्या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार सांगितले, एक ग्रंथीसारखी रचना करणारा इंटेस्टिनल आणि दुसरा सुटासुटा पसरणारा डिफ्यूज, बाबांचा हा दुसरा. इंटेस्टिनल प्रकार जास्त करून रक्तातून लिव्हरकडे जातो. डिफ्यूजमधे पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं ई-कॅडहेरिन बऱ्याचदा बिघडलेलं असतं, त्या सुट्या होऊन भिंतीच्या बाहेरून पोटात गळतात. तिथे आतल्या आवरणावर चपट्या पेशींची फरशी असते, ती जिथे उचकटते तिथे खालचं कोलाजेन उघडं पडतं, पेशी तिथे धरतात. शिवाय जठराला लटकलेला चरबीचा पडदा असतो, ओमेंटम, त्यात रोगप्रतिकारक पेशींचे बारीक पांढुरके ठिपके असतात, दूधठिपके म्हणा हवं तर, तिथे या पेशी आवडीने रुजतात. आणि रुजल्या की परत तेच, तिथल्या पेशींना चाळवून धागे विणून घेणं. धुतलेल्या पाण्यात पेशी सापडल्या तरी स्टेज ४ धरतात ते याचसाठी, स्कॅनला बी दिसत नाही, झुडूप झाल्यावर दिसतं.

आजोबा_ऑनलाइन

शांत_दुपार, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. माझ्या प्रश्नांनी धागा भरकटला असेल तर क्षमस्व.

शांत_दुपार

नाही हो काका, उलट बरं वाटतंय कोणीतरी नीट बोलतंय. सगळ्यांचे आभार. अजून एक विचारतो. डॉक्टर केमोबरोबर इम्युनोथेरपी म्हणतायत. रिपोर्टवर हर-टू निगेटिव्ह आणि पीडी-एल१ सीपीएस १२ असं लिहिलंय. मला वाटलं १२ टक्के कॅन्सर, भाऊ म्हणाला १२ टक्के चान्स. कोणाचं बरोबर?

निळी_शाई

दोघांचंही नाही, आणि हा स्टेन मी रोज करते त्यामुळे हे मी सांगते. हेच खरं तर मला मूळ धाग्यात लिहायचं होतं, राहून गेलं.

पीडी-एल१ हे एक प्रोटीन, ज्या पेशीवर असेल ती टी सेलला हात दाखवून थांब म्हणते. इम्युनोथेरपी तो हात बाजूला करते. टी सेलचे असे ब्रेक सोडवण्याच्या शोधांवर अ‍ॅलिसन आणि होंजो यांना २०१८ चं नोबेल. आता मोजायचं कसं, तर स्टेन चढलेल्या कॅन्सरच्या पेशी मोजायच्या, अधिक स्टेन चढलेले लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज मोजायचे, त्या बेरजेला कॅन्सरच्या एकूण जिवंत पेशींनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. समजा १०० कॅन्सरच्या पेशी आहेत, त्यातल्या ३ रंगल्यात आणि आजूबाजूच्या ९ रोगप्रतिकारक पेशी रंगल्यात, सीपीएस झाला १२. नुसत्या कॅन्सरच्या पेशी मोजल्या असत्या तर ३ आला असता. कळलं ना? त्या आकड्यात शेजारी मोजलेले असतात, कधीकधी जास्त करून शेजारीच. आणि त्यावर औषध ठरतं. निव्होलुमॅबची २०२१ ची मोठी ट्रायल होती त्यात सीपीएस ५ किंवा वर असलेल्यांना नुसत्या केमोवर जगण्याचा मधला आकडा ११.१ महिने आणि औषधासकट १४.४ महिने. म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे, तुमच्या बाबांचा तो आकडा नव्हे.

पेट्रीडिश

+१. यात एक पुरवणी, कडवट आहे पण विचारलंत म्हणून. लिम्फोसाइट आहेत एवढ्याने भागत नाही, ते कुठे आहेत हे महत्त्वाचं. काही गाठींत ते आत शिरलेले असतात, काहींत बाहेर धाग्यांच्या कुंपणाशी अडकून पडलेले, काहींत मुळात फिरकलेलेच नसतात. हात बाजूला करून उपयोग तेव्हा जेव्हा टी सेल समोर पोचलेली असेल. २०१४ मधे २९५ जठराच्या गाठींचे जीन तपासून चार गट पाडले गेले, एप्स्टीन-बारवाला ९ टक्के, मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) बिघडलेला २२, जीनोम शांत असलेला २०, आणि उरलेला निम्मा क्रोमोसोम विस्कटलेला. पहिल्या दोन गटांत लिम्फोसाइट भरपूर आणि इम्युनोथेरपी जास्त लागू पडते. डिफ्यूज प्रकार जास्त करून तिसऱ्यात सापडतो, तिथे कुंपण जाड. म्हणून डॉक्टरांना मायक्रोसॅटेलाइटचं आणि क्लॉडिन १८.२ (कॅन्सरच्या पेशीवरचं एक प्रोटीन) चं जरूर विचारा, हर-टू (तसंच आणखी एक प्रोटीन) निगेटिव्ह असताना क्लॉडिन पॉझिटिव्ह निघालं तर झोल्बेटुक्सिमॅब हा आणखी एक रस्ता असतो, २०२४ पासून जपान, अमेरिका वगैरे ठिकाणी मान्यता मिळालीय.

वाचनखूण

अवांतर: मज्जातंतूंचा पण संबंध असतो असं कुठेतरी वाचलेलं, खरंय का?

पेट्रीडिश

हो, आणि मला तो प्रयोग फार आवडतो. २०१४ चाच. उंदरांच्या जठराला जाणाऱ्या व्हेगस नर्व्हची एकाच बाजूची फांदी कापली. जठर एक, उंदीर एक, पण ज्या बाजूची नर्व्ह कापली त्या बाजूला गाठी कमी झाल्या, दुसऱ्या बाजूला होत्या तशा. बोटॉक्सचं इंजेक्शन जठराच्या भिंतीत देऊनही तसंच काहीसं झालं. माणसांत उपचार म्हणून अजून नाही वापरत, लगेच बोटॉक्स शोधायला जाऊ नका कोणी.

खडूस_खारुताई

@सहज_सुचलं कडे बघून बोलतेयस ना, हाहा.

सहज_सुचलं

मी काहीच बोललेलो नाही यावेळी!

शांत_दुपार

आज डॉक्टरांना विचारलं. मायक्रोसॅटेलाइट केलेलं होतं, स्टेबल आहे. क्लॉडिन केलेलं नाही, ते म्हणाले आधीच्या लॅबमधून ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणा, इथून पाठवू. सीपीएसमधल्या १२ पैकी कॅन्सरच्या किती आणि शेजाऱ्यांच्या किती हेही विचारलं, ते जरा चमकले, म्हणाले रिपोर्टात वेगळं लिहीत नाहीत, पण पॅथॉलॉजिस्टशी बोलतो. बाबांना मी तुमचं ते दहा मिनिटं शोधूनही सापडला नाही हे सांगितलं तर म्हणाले, मग माझ्यात कॅन्सर कमीच आहे की. हसले बऱ्याच दिवसांनी.

उद्या ब्लॉक आणायला जातोय. मागितला की देतात ना? स्लाइड चालणार नाहीत का, त्या माझ्याकडे आहेत.

निळी_शाई

देतात, लेखी अर्ज आणि बाबांचं ओळखपत्र घेऊन जा, रिपोर्टवरचा ब्लॉक नंबर लिहून न्या म्हणजे शोधायला वेळ नाही लागणार. दोन-तीन ब्लॉक असतील तर ज्यात गाठ जास्त आहे तोच द्या म्हणावं. तुमच्याकडच्या स्लाइड आधीच रंगवलेल्या असणार, त्यावर दुसरा स्टेन चढवणं त्रासाचं, आणि कापून ठेवलेले जुने कापही अशा टेस्टना नीट रंगत नाहीत, ब्लॉकमधून ताजा काप काढलेला बरा. नेताना डबीत घालून सावलीत न्या, गाडीच्या डॅशबोर्डवर वगैरे ठेवू नका. मेण आहे ते.